पेशीपटलात एक माणूस कमी

चित्रकलेच्या सरांनी इतिहासाच्या सरांच्या डोक्यावर पुठ्ठ्याची निळी टोपी बसवली, मागे सरकून एक डोळा मिटला आणि टोपी अर्धा बोट डावीकडे फिरवली.

“आता आडवे व्हा.”

“इथे? फरशीवर?”

“सतरंजी अंथरलीय.”

“सतरंजीला माझी हरकत नाही हो. माझा एक गुडघा सरळ होत नाही, त्याची असेल.”

“तोच गुडघा मला हवाय!” प्रयोगशाळेच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला. जीवशास्त्राच्या धाकट्या बाई हातातली परीक्षानळी खाली न ठेवताच पुढे आल्या. “सगळ्यांचे पाय सरळ असले ना, तर पटल मेणासारखं घट्ट होऊन बसतं. अधूनमधून एक वाकडा पाय लागतोच. त्याच्यामुळे बाकीच्यांना हलायला जागा राहते.”

इतिहासाचे सर आडवे झाले. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या गुडघ्याची कोणी वाखाणणी केली नव्हती. ते मान उचलून त्याच्याकडे जरा कौतुकाने बघत राहिले.

प्रकरण असं होतं. दरवर्षी धाकट्या बाई पेशीपटल शिकवत, आणि दरवर्षी निम्मा वर्ग उत्तरपत्रिकेत लिही, ‘पेशीपटल म्हणजे पेशीची भिंत.’ उरलेला निम्मा वर्ग पहिल्या निम्म्याचं बघून लिही. भिंत वेगळी, पटल वेगळं. भिंत झाडांच्या पेशींना असते आणि तीही पटलाच्या बाहेरून, हे सांगून बाईंचा घसा कायमचा बसायला आला होता. पटल हलतं, वाहतं, कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला दारातूनच परतवायचं ते ठरवतं, कुठे टोचलं तर आपलं आपण बुजतं. पण फळ्यावर काढलं की ते निमूट उभं राहतं. म्हणून या वर्षी, शाळा पालकांसाठी उघडी असते त्या दिवशी, सभागृहात जिवंत पेशीपटल दाखवायचं आणि ते शिक्षकांचं करायचं असं बाईंनी ठरवलं होतं. विद्यार्थ्यांचं का नाही, असं कोणीतरी आशेने विचारून पाहिलं. विद्यार्थी पाणी होणार होते.

“पाणी पुष्कळ लागतं,” बाई म्हणाल्या, “आणि ते गोंगाट करतं.”

टोप्या वाटून झाल्यावर त्यांनी सगळ्यांना पुन्हा एकदा समजावलं.

“दोन ओळी. प्रत्येकाला एक डोकं, दोन पाय. डोक्याला पाणी आवडतं, पायांना मुळीच आवडत नाही. म्हणून दोन्ही ओळींची डोकी बाहेर, पाय आत, तळव्यांसमोर तळवे. झालं पटल. कोणी कोणाला चिकटवलेलं नाही, खिळे मारलेले नाहीत. नुसत्या आवडीनिवडीवर चाललंय सगळं.”

“म्हणजे शिक्षकखोलीच की,” इतिहासाचे सर जमिनीवरून म्हणाले.

“आणि मी?” हेडक्लार्कनी विचारलं. ते देहाने ऐसपैस होते आणि त्यांना टोपी मिळाली नव्हती.

“तुम्ही कोलेस्टेरॉल.”

हेडक्लार्कनी सदरा पोटावरून खाली ओढला. “तुम्ही माझ्या डॉक्टरांशी बोललात का?”

“अहो, इथे ते चांगलं असतं. दोघांच्या मधे शिरून सगळ्यांना धरून ठेवतं. थंडीत घट्ट होऊ देत नाही, उन्हात पातळ होऊ देत नाही.”

“हे जरा आमच्या घरी येऊन सांगाल?”

चित्रकलेच्या सरांना वाहक प्रथिनाचं काम मिळालं होतं. साखर काही आपली आपण आत येत नाही. वाहक तिला बाहेरच्या बाजूने हातात घेतो, स्वतः थोडा आकार बदलतो आणि आतल्या बाजूला सोडतो.

“तुम्हाला तालमीची गरज नाही, सर,” धाकट्या बाई म्हणाल्या. “तुम्ही रोज तेच करता.”

यावर सगळे एकदम आपापल्या टोप्या नीट करायला लागले.

धाकट्या बाई आणि मुख्याध्यापिका मोठ्या बाई या सख्ख्या जावा. शाळा त्यांच्या सासऱ्यांनी काढलेली. दोघींचे संसार एकाच घराच्या वरच्या आणि खालच्या मजल्यावर, आणि दोघींमध्ये अबोला. दोघींचे नवरे, म्हणजे सासऱ्यांचे दोन्ही मुलगे, संध्याकाळी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून चहा पीत, कारण ती पायरी कोणत्याच मजल्याची नव्हती.

मोठ्या बाई मूळच्या भूमितीच्या. एकदा त्या धाकटीच्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसल्या. फळ्यावर पेशी काढलेली होती. “रेघ थरथरलीय,” त्या सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या. “पट्टी घ्या.” धाकट्या बाई वळून म्हणाल्या, “ती थरथरतेच. पेशी आहे ती, प्लॉट नव्हे.” वर्ग हसला. कोणाला हसला, हे वर्गालाही सांगता आलं नसतं. पण दोघींनाही खात्री होती की आपल्यालाच. त्या दिवसापासून बोलणं बंद.

चित्रकलेचे सर त्या दिवशी रंगीत खडू मागायला म्हणून ऑफिसात गेले होते. “सर, जाता जाता जरा तिला सांगा,” मोठ्या बाई म्हणाल्या. सर सांगून आले. तिथेच चुकलं.

ऑफिस आणि प्रयोगशाळा शेजारीशेजारी होती, मधे लाकडी फळ्या. पण फळ्यांना दार नव्हतं, त्यामुळे प्रत्येक निरोप कॉरिडॉरला वळसा घालून न्यावा लागे. या वळशात निरोपांचं काहीतरी होत असे. ‘तिला म्हणावं, सभागृह आहे ते, धर्मशाळा नव्हे, शिक्षक काय लोळणार पालकांसमोर?’ हे प्रयोगशाळेत पोचे तेव्हा असं झालेलं असे : ‘मोठ्या बाईंना सभागृहाच्या स्वच्छतेची काळजी वाटतेय.’ उलट दिशेने ‘त्यांना सांगा, ज्यांचा जन्म त्रिकोणात गेला त्यांनी जिवंत वस्तूंबद्दल बोलू नये’ असं निघे आणि ‘बाई म्हणतात, तुमच्यासारखा काटेकोरपणा आम्हाला जमत नाही’ असं ऑफिसात उतरे. यात आपण खोटं बोलतो असं सरांना कधी वाटलं नाही. निसर्गचित्र काढताना समोरचा उकिरडा ते असाच गाळत.

तालीम संपली. शिक्षक अंग झाडत निघून गेले. सर टोप्या एकात एक बसवत होते, तेव्हा धाकट्या बाई म्हणाल्या, “सर, एक निरोप आहे.”

सरांनी सवयीने मान किंचित पुढे केली.

“त्यांना सांगा, हे वर्ष झालं की मी इथे नाही. नदीपलीकडच्या शाळेने विचारलंय. मी हो म्हणणार आहे.”

“म्हणणार आहात, की म्हणालात?”

“शनिवारी म्हणणार. पालकांचा दिवस एकदा पार पडू दे.”

सरांच्या हातातली टोपी बसता बसेना. “हे असंच सांगू?”

“असंच. याला रंग लावू नका.”

“पण बाई, का?”

“एकच घर, एकच शाळा, आणि मधे तुम्ही,” धाकट्या बाई म्हणाल्या. त्यांनी परीक्षानळी उजेडात धरली आणि ती आधीच स्वच्छ असल्याचं पाहून पुन्हा धुवायला घेतली. “तुमच्यावर राग नाही हो. पण दमले मी.”

सर वळसा घालून ऑफिसात गेले. मोठ्या बाई वेळापत्रकावर पट्टीने रेघा मारत होत्या.

“काय म्हणतेय?”

“बाई म्हणतात,” सर म्हणाले, “खडू संपलेत.”

दुसऱ्या दिवशी ते मनाचा हिय्या करून पुन्हा गेले.

“बाई म्हणतात, आज उकडतंय.”

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “हे सांगायला तिने तुम्हाला पाठवलं?”

“हो.”

“उकडतंय खरं,” मोठ्या बाई म्हणाल्या आणि पुढची रेघ मारली.

हा निरोप सरांना वाकवता येत नव्हता. ‘बाईंना नदीपलीकडची हवा मानवते’ असं म्हणून पाहिलं. ‘बाईंची प्रगती होतेय’ असं म्हणून पाहिलं. कसाही धरला तरी त्याच्या शेवटी एक रिकामी खुर्ची उरे. सरांना दोघी हव्या होत्या. मोठ्या बाईंशिवाय ही शाळा वेळेवर उघडली नसती, आणि धाकट्या बाईंशिवाय ती उघडून काही उपयोग झाला नसता. त्यात सरांच्या मनात एक भलतीच आशा होती, की निरोप पोचलाच नाही तर बाईंना जाताच येणार नाही. पार्सल पोचवलं नाही की ते आलंच नाही, असं समजणाऱ्या पोस्टमनसारखे ते आठवडाभर कॉरिडॉरमधून हिंडत राहिले.

गुरुवारी आणखी एक घोळ झाला. खेळाचे सर पटलात मधल्या जागी होते. आडवं कसं व्हावं हे ते इतरांना शास्त्रशुद्ध पद्धतीने करून दाखवायला गेले आणि तिथेच त्यांची कंबर धरली. त्यांना चौघांनी उचलून रिक्षात घातलं.

“आता कोण?” धाकट्या बाईंनी बोटं मोजली. क्लार्क संपले होते, शिपाई संपले होते; ग्रंथपाल आणि संगीताच्या बाई आधीच पाण्याचा मार्ग झाले होते. “एक माणूस कमी पडतोय.”

“मी वाहकाचं काम सोडून झोपू का?” चित्रकलेच्या सरांनी विचारलं.

“तुम्ही झोपलात तर साखर कोण नेणार?” बाई म्हणाल्या. “तुम्ही उभेच बरे.”

शुक्रवारी दुपारी मात्र सरांनी ठरवलं, की आता सांगायचंच. कॉरिडॉरमध्ये त्यांनी ते वाक्य दोनदा रंग न लावता म्हणून पाहिलं. दार ढकललं, तर ऑफिसात कोणी नव्हतं. ते पाहुण्यांच्या खुर्चीवर टेकले. या खोलीत ते आजवर एकटे कधी बसले नव्हते.

“मागच्या बाकावर कोण खातंय?” त्यांच्या कानाशी आवाज आला. “खा, पण तोंड मिटून खा.”

सर ताडकन उठले. खोली रिकामीच होती. समोर फक्त फळ्या होत्या.

“तर पाणी कुठून कुठे जाईल? मीठ बाहेर जास्त आहे. सांगा. तू सांग. नको, तू नको, तू काहीही सांगतोस.”

सरांना खडू फळ्यावर टेकल्याचा आवाज आला. कोणाची तरी कंपासपेटी पडली, आणि ती कोणाची हेही कळलं. ते हळूच फळ्यांजवळ गेले. इतकी वर्षं ते निरोप घेऊन ऑफिसात आले की पलीकडे चिडीचूप असे. त्याचं श्रेय त्यांनी धाकट्या बाईंच्या शिस्तीला दिलं होतं. आणि ते प्रयोगशाळेत बोलत असले की ऑफिसातून काहीच ऐकू येत नसे. मोठ्या बाई कामात गढलेल्या असतात, असं त्यांना वाटे.

“काय ऐकताय?”

मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. सरांचा कान फळीला लागलेला होता आणि तो नाकारण्यासारखा नव्हता.

“तिकडे… परासरण चाललंय.”

“ते मंगळवारपासून चाललंय.” मोठ्या बाई येऊन खुर्चीत बसल्या. “फळ्याच आहेत त्या, सर. सासरे म्हणायचे, तूर्त फळ्या ठोकू, भिंत नंतर बांधू.”

“म्हणजे तुम्हाला सगळं…”

“मी सर्कस म्हणाले होते. तुम्ही तिकडे जाऊन काय सांगितलंत? ‘मोठ्या बाईंच्या मते कार्यक्रमात विविधता आहे.’”

सरांचे कान तापले. “चुकलं का?”

“चुकलं असतं तर मी दुसरा माणूस बघितला असता.” मोठ्या बाईंनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. “तुमचं ऐकलं की वाटायचं, हे आपणच असं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.”

हातांचं काय करावं हे सरांना कळेना. त्यांनी ते मागे बांधले, मग पुढे आणले.

“मग ते… पुढच्या वर्षीचं…”

“कुठलं?” मोठ्या बाई म्हणाल्या. “तो निरोप तुम्ही मला दिलेला नाही. जो निरोप मिळाला नाही तो मला माहीत असायचं काही कारण नाही.” पेन्सिलीचं टोक मोडलं. त्यांनी पुन्हा काढायला घेतलं. “देणार आहात?”

“आणलाय तसा.”

“मग परत न्या.”

सर तिथेच उभे होते.

“मी त्यांना काय सांगू?”

“काही नका सांगू.” मोठ्या बाईंनी पट्टी ओढून घेतली, कागदावर ठेवली, पण रेघ मारली नाही. “त्या लोळणाऱ्यांत एक माणूस कमी पडतोय ना?”

“हो. खेळाच्या सरांची जागा.”

“समोरच्या ओळीत कोण येतं तिथे?”

सर घुटमळले. “धाकट्या बाईच.”

“हं.” मोठ्या बाईंनी पट्टी बाजूला सारली. “सतरंज्या धुवून घ्या म्हणावं. रंग वाळलाय त्यांच्यावर.”

सर बाहेर पडायला वळले तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की पलीकडचा वर्ग मघापासून एकदम शांत झाला होता.

संध्याकाळी त्यांनी धाकट्या बाईंना विचारलं, “त्या जागेवर कोणी मिळालं?”

“नाही,” बाई म्हणाल्या. त्या बीकर पुसत होत्या आणि कसलीतरी चाल गुणगुणत होत्या. “राहू दे रिकामी.”

शनिवारी सभागृह भरलं. पालक खुर्च्यांवर, खुर्च्यांच्या पाठींवर आणि खिडक्यांत बसले. मधोमध शिक्षक दोन ओळींत उताणे पडले होते, निळी डोकी बाहेर, मोजे घातलेले पाय आत. आपल्याला जन्मभर उभं करणारी माणसं अशी आडवी पाहून विद्यार्थ्यांना जो आनंद झाला होता, तो कोणत्याही पाठ्यपुस्तकाने आजवर दिला नव्हता. मोठ्या बाई पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या. धाकट्या बाई स्वतः एका ओळीत आडव्या होत्या, एका हातात माईक, दुसऱ्या हातात कागद. त्यांच्या समोरची जागा रिकामी होती.

“पाणी!” त्या माईकमध्ये म्हणाल्या.

पाणी आलं. ते धावत आलं आणि डोक्यांशी येऊन अडलं. ग्रंथपाल आणि संगीताच्या बाई समोरासमोर उभे होते. त्यांच्या मधल्या फटीतून पाणी एका रांगेत आत जाऊ लागलं. ग्रंथपाल ओठांवर बोट ठेवून एकेका थेंबाला सोडत होते. गळ्यात ‘मीठ’ अशी पाटी अडकवलेला मुलगा रांगेत घुसला, त्याला संगीताच्या बाईंनी खांद्याला धरून परत फिरवलं. “आई, मला घेत नाहीयेत!” तो पालकांकडे बघून ओरडला, आणि सभागृह हसलं.

मग साखर आली. ती पहिलीतली एक मुलगी होती. चित्रकलेच्या सरांनी तिला बाहेरच्या बाजूने उचललं, गुडघ्यात वाकून स्वतःभोवती अर्धी गिरकी घेतली आणि आतल्या बाजूला अलगद ठेवलं. टाळ्या पडल्या. “परत!” साखर म्हणाली.

“आता बघा, ही भिंत नाही,” धाकट्या बाईंचा आवाज आला. “सरका!”

पटल सरकलं. निळी डोकी एकमेकांना घासत डावीकडे गेली, उजवीकडे आली. इतिहासाच्या सरांच्या गुडघ्याने दोघांना वाट करून दिली; ते आजूबाजूला बघून, हे सर्वांनी पाहिलं ना, याची खात्री करून घेत होते. हेडक्लार्क मधे रुतून सगळ्यांना धरून होते. फक्त सरकण्यात ती रिकामी जागा रुंद होत गेली, आणि ती पाण्याला दिसली.

पाण्याला काही सांगावं लागत नाही. क्षणात सगळी मुलं फट सोडून तिकडे वळली आणि लोंढ्याने आत घुसायला लागली. कोणाचीतरी टोपी तुडवली गेली. साखर कोणाच्या तरी काखेत अडकली.

“भोक पडलं!” धाकट्या बाई ओरडल्या. “बुजवा! सरका, जवळ सरका!”

जो तो सरकला, पण हेडक्लार्क नेमके उलटीकडे लोळले. चित्रकलेचे सर हात पसरून भोकात उभे राहिले, आणि पाणी त्यांच्या काखांखालून जाऊ लागलं. पालक उठून उभे राहिले.

तेवढ्यात सरांच्या हातात कोणीतरी किल्ल्यांचा जुडगा ठेवला. मग चष्मा ठेवला. मग चपला.

“बाजूला व्हा, सर,” मोठ्या बाई म्हणाल्या.

त्या खाली बसल्या, पदर खोचला आणि रिकाम्या जागेत आडव्या झाल्या. झाल्या त्याही पट्टी लावून आखल्यासारख्या. पाणी जागच्या जागी थांबलं. मुख्याध्यापिकांना ओलांडून जाण्याइतकं ते अजून वाहवलेलं नव्हतं.

“मी आतच राहिलो!” पलीकडून एकजण म्हणाला.

“राहा,” मोठ्या बाई छताकडे बघत म्हणाल्या.

उभे राहिलेले पालक पुन्हा खाली बसले. दोन ओळींच्या मधे दोघी जावांचे तळवे समोरासमोर आले होते. किल्ल्या, चष्मा आणि चपला सांभाळत उभ्या असलेल्या सरांना एवढंच दिसलं, की धाकट्या बाईंच्या राखाडी मोज्यातला अंगठा हलला. थोडा थांबला. पुन्हा हलला.

आखलेली रेघ थरथरली.

“ए!” मोठ्या बाई म्हणाल्या.

अंगठा थांबला नाही.

“ए धाकटे! नको! नको सांगते! लग्न होऊन आल्यापासून हीच खोड मेलीची! पेपर तपासायला बसलं की…” आणि पुढचं त्यांना बोलता आलं नाही, कारण मोठ्या बाई हसत होत्या. माईक मधेच पडला होता. तो सगळं हसू जसंच्या तसं सभागृहाला ऐकवत होता. हा आवाज शाळेत कोणी कधी ऐकला नव्हता. हेडक्लार्कनी आधी पंख्याकडे पाहिलं. मग तेही हलायला लागले, आणि ते हलले की शेजारच्या चौघांना हलावंच लागे. हसू एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जात ओळीच्या टोकाला पोचलं आणि दुसऱ्या ओळीतून परत आलं. सगळं पटल गदगदत होतं, कुठे ताणलं जात होतं, कुठे आक्रसत होतं, आणि पाण्याचा एक थेंब आत गेला नाही.

“बघितलंत?” धाकट्या बाई डोळे पुसत ओरडल्या. “बघितलंत? लिहाल आता भिंत?”

पालकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. हे सगळं बसवलेलं होतं, असंच त्यांना वाटलं. एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणत होते, की मुख्याध्यापिकांनी अभिनय फारच नैसर्गिक केला.

गर्दी ओसरली. मुलं निळ्या टोप्या घालून मैदानात पळाली. इतिहासाचे सर कोणा पालकाला आपला गुडघा समजावून सांगत बाहेर गेले. सतरंजीवर दोघीच उरल्या, बसलेल्या, पाय पसरून. चित्रकलेचे सर चष्मा हातात धरून थोडे दूर उभे राहिले.

“सर, तिला सांगा,” मोठ्या बाई म्हणाल्या, आणि थांबल्या. ती हातभर अंतरावर बसली होती. मोठ्या बाईंनी घसा साफ केला. “अगं, पाठ धरली माझी.”

“ताठ झोपलात म्हणून. कोणी सांगितलं होतं एवढं ताठ झोपायला?”

“मग काय तुझ्यासारखं वेटोळं करून झोपू? पालक बघत होते.”

“पालक टाळ्या वाजवत होते.”

“मला हसत होते.”

“दोघींना हसत होते, ताई.”

मोठ्या बाईंनी न बघता हात पुढे केला. सरांनी त्यावर चष्मा ठेवला आणि ते मागे सरले. मोठ्या बाई तो पदराने पुसू लागल्या. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. सरांनी तो मघापासून तीनदा पुसला होता.

धाकट्या बाईंनी कपाळावर हात आडवा धरून खिडक्यांकडे पाहिलं.

“पुढच्या वर्षी मी त्या बाजूला झोपणार,” त्या म्हणाल्या. “इथे ऊन सरळ डोळ्यांवर येतं. कागदावरचं एक अक्षर दिसलं नाही मला.”

चष्मा पुसणारा हात थांबला. सरांनी चपला जमिनीवर ठेवल्या, आवाज न करता, एकीशेजारी एक.

“त्या बाजूला मी आहे,” मोठ्या बाई म्हणाल्या. “इथे पडदा लावून घेऊ.”

“कुठल्या रंगाचा?”

“पांढरा.”

रंगाचा प्रश्न निघूनही चित्रकलेच्या सरांकडे कोणी पाहिलं नाही. ते पलीकडची सतरंजी गुंडाळायला लागले.

“पांढऱ्यातून ऊन येतं, ताई.”

“थोडं येऊ दे की.”